वरच्या मजल्यावरची घरघर

नव्या पीसीसाठी वॅटची बेरीज करत बसलायस ना? थांब, आधी माझं ऐक. मीही ॲनिमेशनच्या कामासाठी असाच तगडा पीसी जुळवला होता. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, अगदी पंख्यांसकट सगळ्यांचे वॅट मोजले, वर सढळ हाताने जास्तीचे धरले आणि मगच पॉवर सप्लाय आणला.

नारायण पेठेत मी खाली भाड्याने, वर घरमालक काका-काकू. काका मंडईत गेलेले. माझा गिझर चालू होता, तशात मी पीसीला पूर्ण ताण देणारा रेंडर लावला. फट्! सगळं बंद. पॉवर सप्लायला दोन शिव्या घातल्या, आणि मग जाणवलं, वरची रोजची घरघरही थांबलीय. काकूंचं ऑक्सिजनचं मशीन! अख्ख्या घराला फ्यूज एकच.

धावतच जिना गाठला. "काकू! अहो काकू!" दार ढकललं. काकू खुर्चीत, डोळे मिटलेले.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. खुर्चीशेजारचा राखीव सिलिंडर त्यांनी स्वतःच लावून घेतला होता. मास्क जरा बाजूला करून म्हणाल्या,

"तुमचं मशीन चालू झालं का हो? आमचं बंद पडलं."