फिरेंझेत मी वाट चुकली नाई

नाई, उमाजीभाऊ, तो कागद आधी खिशात ठेवा. वाट चुकली म्हने! मी, बायनाबाई, ढिवराची पोरगी — बापासंग डोंग्यात बसून मोठी झाली, वैनगंगेले पूर आला तरी काठ वळखतो — अन मी वाट चुकीन? काऊन चुकीन? त्या गावाच्या मधातून नदी वाह्यते, भाऊ. आपल्या वैनगंगेची नात शोभन येवढीशी, पन नदीच हाय ना. जाताना डाव्या हाताले धरली, येताना उजव्या. यात चुकाचं काय हाय? पंचायले सांगा, दुसरं काई लिवून आना. मी चोरी केली असं लिवा, त्यावर एखांद्या वेळी आंगठा देईन. पन वाट चुकली, हे नाई.

बसा, उठू नोका. मेळ्याच्या सायबाची चिठ्ठी आली, बायना दोन दिवस गायब होती म्हनून, अन तुमी जातीचे पंच तेवढ्यावर पेटले. मंग ऐका ना पुरं! इटलीत नेलं होतं मले, सरकारी मेळ्यात, त्या गावाले तिथले लोक फिरेंझे म्हनते, इंग्रजीत फ्लॉरेन्स. आठ दिवस खुर्चीवर बसून मी जाळं विनून दाखवलं, गोरे लोक वाकून वाकून पाहून राह्यले होते, अन सीता त्यायले समजावून सांगत होती — सीता आपल्या बालवाडीची बाई, बौद्ध मोहल्ल्यातली, तिले चार शब्द इंग्रजी येते म्हनूनच मायासंग धाडली, तुमाले मालूम हाय. मेळा शनिवारी सकाळीच संपला, विमान सोमवारचं. सायेब म्हने, खोलीतून हलू नोका, हरवसान. मी म्हटलं, सीते, येवढ्या दूर येऊन का भिताडं पाहत बसाचं? मी म्हटलं, भाऊ — तिनं नाई, हे ध्यानात ठेवा. तिकडच्या जवान पोरी पाठीवर मोठ्ठाल्ल्या थैल्या बांधून देशोदेश फिरते, एकट्या, कोनी काई म्हनत नाई. आमच्यापाशी तशी थैली कुठची? मंग लुगड्यात कपडे गुंडाळले, लेकरू बांधते तसं पाठीवर बांधलं, अन निंगालो.

का गाव हाय ते! गल्ल्या अशा अरुंद का दोन बंड्या समोरासमोर आल्या त एकीले वापस जा लागन, अन दोन्हीकडून पाचशे-पाचशे वर्सांची दगडी घरं — सीतानं पाट्या वाचून सांगतलं. लाल कवेलूचा एक मोठा घुमट, गल्लीतून बाहेर निंगालं का समोर हजर. नदीवर पूल, अन पुलावर सोनारायची दुकानं — पुलावर, भाऊ! आपल्या इथी पुलावर बंडी उभी केली त शिव्या भेटते. अन खानं! बारक्या मासोळ्या, तेलातून काढल्या का सिध्या कागदाच्या पुड्यात, काट्यासकट. मी रस्त्यावर उभ्यानं खाल्ल्या, तोंड न झाकता. सारा जलम मासोळी मी तळली, पन गरम कधी खाल्ली? घरचे जेवले, उरली, त मले — थंडी. त्यायचा पाव मातर अळनी, मिठाचा कन नाई. मी संग नेलेलं तिखट-मीठ त्याले लावलं, त दुकानवाल्या बाईनं चाखून पाह्यलं, डोळ्यांतून पानी, अन हासून मले मिठीच मारली. दुधाचा बरफ खाल्ला, दोनदा. तिसऱ्यांदाई खाल्ला, लिवून घ्या.

रात्री? स्टेशनात बाकावर, त्याच थैलीवाल्या पोरीयच्या मधात. अजून इचाराचं हाय काई? इचारा ना! नाई? मंग मीच सांगून राह्यली — हे सांगाचं नव्हतं, पन आता निंगालंच तोंडातून त ऐका. रविवारी दुपारी नदीकाठच्या एका खानावळीत बसलो. म्हातारीनं वालासारख्या दान्यायचं अन शिळ्या पावाचं घट्ट कालवन आनलं — एकच मोठं मातीचं भांडं, दोन चमचे. मी खाले लागली. सीता नाई. म्हटलं, काऊन वं, भूक नाई? खाली पाहून म्हने, "तुमी जेवून घ्या बाई, मी मागून." येवढ्या दूर, उमाजीभाऊ! जिथी कोनाले मालूम नाई ढिवर कोन अन बौद्ध कोन, तिथी ती मायं जेवन संपाची वाट पाहून राह्यली होती. अन हे तिले कोनं शिकवलं? मी. लहानपनी दोघी एकाच शाळेत होतो, मी दुसरीतच सोडली; तिथी माठावर माई पाळी राहे, तवा तिच्या ओंजळीत मी वरून पानी ओतत होती, गिलास देत नव्हती. सांडलं का मी हासत होती. मले लाज वाटली, भाऊ — येवढी लाज का त्या म्हातारीसमोर रडू आलं. भांडं मधात सरकवलं, तिच्या हातात चमचा देल्ला, म्हटलं, तू खाशीन त मी खाईन, नाई त होऊ दे थंडं. लय वेळ बसलो. थंडं झालंच. मंग तिनं खाल्लं, मंग मी, एकाच भांड्यातून, पार पुसून.

आता झालं ना तुमचं तोंड कडू? अन तुमी म्हनता, लिवून दे का सीतानं भुलवलं, वाट चुकवली, म्हन्जे मी सुटली. मी सुटली, अन तिची बालवाडी जाईन. मंग लेकरायले कोन शिकवन, तुमी? तुमचा नातूई तिथंच बसते. जातीबाहेर टाकसान? टाका. पंगतीले बलावू नोका, तळ्यावर जाळं टाकू देऊ नोका. मले भेव वाटते, खोटं काऊन बोलू — माया पोरीचं, रंभाचं, लगन व्हाचं हाय, तिले कोन करन? नवऱ्याले, लहानूले, मी हे सारं सांगतलं. तो उठला, जाळं घेतलं अन तुमचं तळं सोडून नदीवर गेला. मले नवऱ्याचं येवढं बोलनं पुरते.

उद्याच्या बैठकीत येईन मी, अन हेच सांगीन, याच आवाजात. आंगठा देनार नाई. आता उठा. थांबाचं असन त थांबा, जेवाले तिघं बसू — नाई ना? मालूम होतं. मंग दारातून सरका, उमाजीभाऊ. ती बाहेर कवाची उभी हाय. सीतेले आत येऊ द्या.