उभ्या गाडीचा अहवाल

सन्माननीय अध्यक्ष, या तंत्रनिकेतनाचे प्राचार्य देवव्रत कर्णिक सर; हायड्रोजनवर चालणाऱ्या बसविषयी आत्ताच इतकं छान बोलल्या त्या प्रमुख पाहुण्या, इथल्याच माजी विद्यार्थिनी गंधाली सबनीस मॅडम; आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या ऑटोमोबाइल विभागाच्या प्रमुख संघमित्रा ओव्हाळ मॅडम; समोरचा शिक्षकवर्ग, विद्यार्थी, आणि मागच्या रांगेत बोटात चाव्या फिरवत बसलेले आमचे व्हॅनवाले बंधू, व एकमेव भगिनी चंपाताई, आपणा सर्वांना नमस्कार.

मी गुणाजी परब. मुलुंड पूर्वेच्या शाळांची मुलं ने-आण करणाऱ्या चौदा व्हॅनच्या संघटनेचा सचिव. प्राध्यापकांच्या निरोपाला व्हॅनवाला कशाला, असं काहींना वाटेल. वाटणं रास्त आहे. पण मॅडमनीच सांगितलं, "गुणाजी, तू बोल. आणि गोड बोलू नकोस." तेव्हा घडलं तसं सांगतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही चौदाही गाड्या पेट्रोलवरून गॅसवर न्यायचं ठरवलं. प्रश्न एकच, कुठला गॅस? सीएनजी की एलपीजी, म्हणजे ज्याला पंपावर ऑटोगॅस म्हणतात तो? आमच्यात दोन तट पडले. कोण म्हणे सीएनजी स्वच्छ जळतो, कोण म्हणे त्याची टाकी बघितलीस का, पोरांची दप्तरं काय डोक्यावर घेऊ? शेवटी आम्ही या कॉलेजात आलो.

मॅडमनी मत दिलं नाही. म्हणाल्या, "दोन गाड्या द्या. चार महिने द्या." चंपाताईंच्या गाडीला सीएनजी बसवला, माझ्या गाडीला एलपीजी. रस्ता तोच, शाळा तीच. मॅडम स्वतः पुढच्या सीटवर वही घेऊन बसायच्या. कॉलनीच्या चढावर कुठली गाडी दमते, पंपावर किती वेळ जातो, सगळं लिहिलं. सीएनजी प्रचंड दाबाखाली भरतात, म्हणून त्याची टाकी जाड आणि जड. दप्तरांची जागा गेली. एलपीजी कमी दाबातच पाण्यासारखा पातळ होतो, टाकी हलकी, चढावर गाडी झकास, आणि पंपावर रांग नाही. सीएनजीला चंपाताई तासतासभर रांगेत. अहवाल आला, शाळेच्या व्हॅनला एलपीजी बरा. खाली मॅडमची सही. आम्ही ठराव केला, बाकीच्या गाड्यांना एलपीजी बसवण्यासाठी नोंदणी करायची तारीख ठरवली.

त्याच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "गाड्या उभ्या कुठे असतात ते एकदा बघू." आमच्या गाड्या एका सोसायटीच्या तळघरात उभ्या राहतात. दुपारची वेळ, श्रावण चालू. तळघराच्या कोपऱ्यात पाणी गोळा व्हायला एक खड्डा आहे. वॉचमन दादू रोज दुपारी तिथला पंप लावतो.

मॅडमच्या हातात गॅस शोधायचं छोटं यंत्र होतं. माझ्या गाडीपाशी छातीच्या उंचीवर धरलं, गप्प. मग त्या उकिडव्या बसल्या, यंत्र जमिनीला टेकवलं, तसं ते ओरडायला लागलं. खड्ड्याकडे नेलं, तर थांबेचना. वास आम्हाला चार-पाच दिवस येत होता. आम्ही गटाराचा समजलो होतो.

नेमका त्याच वेळी दादू पंपाच्या बटणाकडे निघाला.

"दादू, हात लावू नकोस!" मॅडमना एवढ्या मोठ्याने ओरडताना मी आजवर ऐकलं नाही. "कुठलंच बटण नको. गाडी चालू करायची नाही. सगळे वर चला."

आम्ही वर आलो. अग्निशमन दलाला बोलावलं. त्यांनी आत हवा खेळवली, टाकीची झडप बंद केली, आणि मग आम्ही सहाजणांनी माझी गाडी उतारावरून ढकलत वर आणली. त्या गाडीत रोज अकरा मुलं बसायची. त्यातली एक माझी श्रुतिका.

मॅडम पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा गॅस हवेपेक्षा जड. पाणी जिथे साचतं तिथे हाही साचतो. मला हे पंचवीस वर्षं ठाऊक आहे रे. वर्गात शिकवते मी."

संध्याकाळी सभा झाली. मॅडमनी उभं राहून अहवाल मागे घेतला. सभा भडकली. मी तर जास्तच. "परवा सही केलीत, आज नाही म्हणता?"

"सही केली तेव्हा गाडी चालताना बघितली होती. उभी बघितली नव्हती."

कोणी म्हणालं, गळती टाकी बसवणाऱ्या फिटरच्या चुकीने झाली, ती दुरुस्त करू. त्या म्हणाल्या, "गळती दुरुस्त होईल. तळघराचं काय करणार?"

मग मी जे बोललो, ते या सभागृहात पुन्हा बोलायला जीभ अडखळते. म्हणालो, "तुमच्या प्रयोगाला आमचीच पोरं मिळाली का?"

कोणीही स्वतःची बाजू मांडली असती. मॅडम म्हणाल्या, "हो. तसंच झालं. चूक माझी आहे."

अशा माणसाशी भांडायचं कसं, सांगा?

नवा अहवाल सीएनजीचा आला, पण अटीसकट. तो गॅस हलका, वर जातो. पण त्यालाही बाहेर पडायला वाट हवी. छताला लागून झरोके पाडल्याशिवाय एकही गाडी खाली उभी करायची नाही. सोसायटीच्या कमिटीला पटवायला सात आठवडे लागले. प्रत्येक बैठकीला मॅडम होत्या. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "ते राहू दे. दुसरा झरोका अजून बुजलेलाच आहे, तो बघ." पुढे वर्षभर दर शनिवारी त्या यंत्र घेऊन तळघरात यायच्या, पाहून जायच्या.

दप्तरं आता टपावर बांधतो. पंपावर रांग लागतेच, आणि रांगेत असताना आम्ही मॅडमच्या नावाने कुरकुरतोही, खोटं कशाला बोलू? एलपीजी वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. आमच्या तळघराला तो चालणारा नव्हता, एवढंच.

परवा या भाषणासाठी तारखा बघायला कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. दोन्ही अहवाल एकाच फायलीत आहेत. वाटलं होतं, जुना काढून टाकला असेल. तो वरच लावलाय. त्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलंय, 'विद्यार्थ्यांनी आधी हा वाचावा. यात काय बघायचं राहिलं, ते शोधावं. मग दुसरा वाचावा.'

मॅडम, आमच्या चौदा गाड्यांच्या वतीने, आणि त्यातून रोज उतरून घरी जाणाऱ्या मुलांच्या वतीने, मनापासून आभार. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर पोटात ठेवू नका. इथेच सांगा, मी उभ्या उभ्या मागे घेतो.