नाकाला पदर, तोंडात भुकटी

माझं माहेर नायगावकडलं, सासर हे लोह्याजवळचं खेडं, लगीन होऊन आले तवा दारातच मिरची कांडायची गिरण होती, सासऱ्यानं टाकलेली, ती पुढं माझ्याच गळ्यात पडली. उन्हाळा आला की आसपासच्या बाया मिरच्या, धणे, खोबरं घेऊन रांगंत बसायच्या. काय सांगू तुम्हाला, गिरण चालू झाली की शेजारची म्हैस सुदिक शिंकायची. आपलं काम कसं, तर नाकाला पदर गच्च, तोंड बंद, श्वास जरासाच घ्यायचा, भुकटी आत जाऊ द्यायची न्हाई. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं, पोरी, मिरची आत शिरली की घर करती. हाव, मी उभा जन्म ते पाळलं, तरी तिनं घर केलंच.

दमा म्हणले डॉक्टर. निळा पंप दिला, तोंडात फवारा मारायचा आन् हळूच ओढायचा. लई गुणाचा, घटकाभरात छाती मोकळी. पर पुढं पुढं तो कवा बी लागू लागला, भाकरी थापताना, बोलताना, बसल्या जागी. तवा दवाखान्यातले नवे डॉक्टर म्हणले, मावशी, निळा अडचणीपुरता जवळ ठेवा, आता सकाळ-संध्याकाळ हे नवं घ्या, आतली सूज उतरंल, आन् गिरणीपासून लांब राहा. दिलं काय, तर प्लास्टिकची नळी आन् कॅप्सूल. गिळायची न्हाई म्हणले, नळीत घालून फिरवायची, ती उघडती, मग आतली भुकटी जोरात ओढायची.

भुकटी! मला हसूच आलं. जिला जन्मभर दारात उभं केलं न्हाई तिलाच आत बोलवायचं. नळी तोंडाला लावली, भुकटी जिभंला लागली की घसा आपोआप बंद. मी काय मुद्दाम करून राहिले न्हाई, अंगालाच सवय तशी. वर ती झोंबत बी न्हाई, जराशी गोडसर. मी मनात म्हणलं, झोंबत न्हाई ते औषध कसलं, ह्याच्यात काय दम न्हाई. चूळ भरून उठायची आन् सुनंला सांगायची, घेतलं बाई.

आन् एका दुपारी असा दम लागला की तोंडातून शब्द निघंना, निळ्या पंपानं बी हात टेकले. सुनीता, माझी सून, जळकोटची, तिनं मला स्कुटीवर मागं बसवलं, ओढणीनं आपल्या कमरंला बांधलं आन् दवाखाना गाठला. मला वाटलं, झालं आता, नातीचं लगीन काही बघत न्हाई आपून. तिथं वाफ दिली, ऑक्सिजन लावला, जीव माघारी आला.

घरी आल्यावर सुनीतानं माझी वापरलेली नळी उघडून तळहातावर झटकली. भुकटी सगळी तशीच. मला वाटलं आता बोलणार, पर ती म्हणली, आत्याबाई, तुमी हे बी गिरणीतल्यावानीच घेऊन राहिल्या. तिखट ठेचा खाल्ल्यावर वारा कसा आत खेचतो आपून, स्स्स करून, तसं खेचा, फकस्त ओठ नळीवर मिटून. आधी रिकाम्या नळीनं करून घेतलं. मी खोकले, ती हसली, मी चिडले, मी सासू आन् मला श्वास घ्यायला शिकवती व्हय गं? ती म्हणली, हाव, शिकवते, ओढा. कितींदा तरी फसलं, आन् एका सकाळी ती कॅप्सूल नळीत भिरभिरली की वो! भुकटी आत गेली, बाई, आत गेली!

लगीच फरक न्हाई पडला, हे बी खरंच सांगते. हळूहळू निळा पंप कपाटात राहू लागला. गिरण आम्ही दारातून उचलून रस्त्याच्या कडंला नेली, सुनीता चालवती, पंखा लावून, मास्क बांधून. मी तिकडं फिरकत न्हाई, फिरकू देती कोण!

मागच्या हप्त्यात ती माहेरी गेली. संध्याकाळी फोन, आत्याबाई, घेतलं का? म्हणलं, घेतलं. तर म्हणती, तसं न्हाई, आजून घेतलं नसंल तर माझ्यासमोर घ्या, आवाज ऐकवा. खरं तर घ्यायचंच होतं. फोन नळीजवळ धरला, ओढलं, भिर्र झालं. तिकडून म्हणली, बरं, जेवते मी आता. पोटची लेक तरी आजून काय करती वो? देवा, माझं राहिलेलं आयुष्य तिला लागू दे. माझा श्वास ऐकल्याबगर घास न्हाई घेतला पोरीनं.