अर्धी पट्टी वर

नोरीन: तुटली. ऊना, पुन्हा तुटली.

ऊना: मग किंचाळतेस काय? तार आहे, गाईचं शेपूट नाही. दुसरी लाव.

नोरीन: मँडोलिनची जादाची तार ही एकच उरलीय. ही गेली तर मी पबात पाऊल टाकणार नाही, आत्ताच सांगते.

ऊना: त्यासाठीच तोडतेयस, मला कळत नाही का? एनिस गावातला वाद्यांचा दुकानदार मला विचारत होता, तुमची धाकटी बहीण या बारीक तारांनी शेताला कुंपण घालते का म्हणून.

नोरीन: हसवू नकोस गं. हसले की हात हलतो, हात हलला की खुंटी जास्त पिळली जाते.

ऊना: बरं, नाही हसवत. आण इकडे, मी टोक धरते. वासरांना दावी बांधून हात तयार झालेत माझे. कुठं अडकवायचं?

नोरीन: खाली, त्या आकड्यात. मग घोडीवरून वर. अगं, ती नाही, ती शेजारच्या जोडीची खाच. दोन-दोन तारांच्या चार जोड्या, आणि जोडीतल्या दोघींचं एकमेकींशी पटलंच पाहिजे.

ऊना: म्हणजे आपल्यासारखं नाही.

नोरीन: अगदी आपल्यासारखं. एक जरा तापली की दुसरी कुरकुरते.

ऊना: इतकी वर्षं पोस्टात शिक्के मारलेस, आणि निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलंस काय, तर हे उभं चिरलेलं नासपती. बँजो घ्यायचास. बँजो वाजला की शेजारच्या गावातली कुत्री उठून बसतात.

नोरीन: म्हणूनच नको होता.

ऊना: मग बुझुकी घ्यायचीस. लांब मानेची, ऐटदार.

नोरीन: तिच्या मानेला माझी बोटं कुठं पुरतात? शिवाय पबातल्या वाजवणाऱ्यांच्या कोपऱ्यात डेक्लनची बुझुकी आहेच. एका बैठकीत दोन बुझुक्या म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा. मँडोलिनचं कसं, ती फिडलसारखीच, म्हणजे व्हायोलिनसारखीच लावायची. फिडलच्या चाली बोटांत आपोआप बसतात.

ऊना: आणि पबात वाजवली तर कुणाच्या बापाला ऐकू येत नाही.

नोरीन: हो, तेही आहेच.

ऊना: तेच आहे. त्यासाठीच घेतलीस.

नोरीन: थोडंसं त्यासाठी. मी आयुष्यभर हातात ग्लास घेऊन त्या कोपऱ्याच्या कडेला उभी राहिलेय, ऊना. मला आत बसायचंय. आणि बसल्यावर माझ्याकडं कुणी बघू नये असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू?

ऊना: बैठक चालवणाऱ्या फिनबारनं स्वतः बोलावलंय ना?

नोरीन: ‘रविवारी ते वाद्य घेऊन ये’, एवढंच म्हणाले. मग दाराशी थांबून विचारलं, तुमच्या आईची ती जिग येते का तुला?

ऊना: विचारणारच. त्या एका नाचाच्या चालीसाठी किती वर्षं आईच्या मागं लागला होता. तिनं दिली नाही.

नोरीन: का पण?

ऊना: एकदा आपल्याकडं आला, आईची कॉन्सर्टिना, ती हातातली भात्याची पेटी, ऐकली आणि म्हणाला, ‘पेटी गोड आहे, पण जरा चढी वाटते.’ झालं. आई गेली तोवर त्याच्यासमोर ती जिग वाजली नाही.

नोरीन: माझ्यासमोर मात्र भांडी घासताना सतत गुणगुणायची. बरं, काढ ती पेटी. सूर दे.

ऊना: आई गेल्यापासून हीच कवायत. मी पेटी दाबायची, तू खुंट्या पिळायच्या. घे.

नोरीन: अजून. अजून धर. देवा, तुटू नको, तुटू नको. लागली! ऊना, लागली. बघ कशी झणझणतेय.

ऊना: मग कोट घाल. पेटी मी बिस्किटांच्या डब्यात घेते. गाडीच्या हादऱ्यानं तारा उतरल्या तर तिथं पुन्हा लावू. हसतेस काय?

नोरीन: तुझ्या डब्यावर लिहिलंय, ‘खुसखुशीत’.

(रविवारची दुपार. पबातला शेगडीजवळचा कोपरा. पहिलीच चाल सुरू झाली आणि जेमतेम एक ओळ वाजून अडखळली.)

फिनबार: थांबा. सगळे थांबा. कोण आहे ते?

नोरीन: मी असेन.

फिनबार: असेन नाही, आहेसच. पोरी, तू आमच्याहून अर्धी पट्टी वर आहेस.

नोरीन: सगळ्या तारा?

फिनबार: आठच्या आठ. आपापसात त्यांचं उत्तम चाललंय. आमच्याशी बोलणं नाही, इतकंच.

नोरीन: मी जाते. ऊना, माझा कोट दे.

ऊना: कोटावर मी बसलेय.

फिनबार: सूर कुठून घेतलास?

नोरीन: आईच्या पेटीवरून. शिकायला लागल्यापासून तिच्यावरूनच लावतेय. घरात एकटीच वाजवायचे, मग चुकलंय हे सांगणार कोण?

फिनबार: ऊना, मी त्या पेटीबद्दल काय म्हणालो होतो?

ऊना: मला आठवत नाही.

फिनबार: जरा चढी आहे म्हणालो होतो. तेवढ्यावरून तुमच्या आईनं मला पुन्हा कधी चहा विचारला नाही.

ऊना: चहा विचारायची. केक द्यायची नाही. आता खरं सांगते, आई म्हणायची, ‘माझी पेटी चढी नाही, सगळं गाव उतरलंय.’ मला वाटायचं, म्हातारी माणसांबद्दल बोलतेय.

फिनबार: पेटी जुनी आहे. तेव्हा पट्टीच वरची असायची. मी बरोबर होतो.

ऊना: बरोबर होतास म्हणूनच केक मिळाला नाही.

नोरीन: म्हणजे तारा म्हणून तुटत होत्या? बिचाऱ्या, मी त्यांना रोज फासावर चढवत होते. आणि तो दुकानदार कुंपणाचं विचारत होता. अगं बाई, मला हसू आवरत नाही. सगळे बघतायत का?

ऊना: सगळे हसतायत. बघायला कुणाचे डोळे उघडे आहेत?

फिनबार: तारा नव्या आहेत ना?

नोरीन: जेवणानंतर घातल्या. उतरवू का?

फिनबार: नको. आता उतरवल्यास तर दिवसभर घसरत राहतील.

नोरीन: मग मी नुसती ऐकत बसते. सवय आहे मला.

फिनबार: ती जिग येते ना तुला?

नोरीन: येते.

फिनबार: दुसऱ्या भागासकट?

नोरीन: दुसऱ्या भागातल्या त्या वळणासकट.

फिनबार: ऊना, पेटी काढ. सूर दे.

ऊना: कुणाला?

फिनबार: मला. आम्हा सगळ्यांना. डेक्लन, बुझुकीच्या पहिल्या पडद्यावर चिमटा लाव, सूर आपोआप चढेल, सुटलास. बँजोवाल्या, जपून पिळ. मार्टी, तुझी बासरी काही एवढी वर येणार नाही, तू काउंटरवर बस जाऊन.

ऊना: तो कधीच पोचला. एवढा चपळ कधी बघितला नव्हता त्याला.

फिनबार: दे सूर. अजून. माझी फिडल कुरकुरतेय. तिचं वय झालंय, माझंही. हं, आली.

ऊना: चढी वाटते का पेटी?

फिनबार: नाही.

ऊना: मोठ्यानं.

फिनबार: नाही वाटत, बाई. गाव उतरलं होतं. नोरीन, वाजव.

नोरीन: अहो, ऐकू जाणार नाही. मँडोलिन आहे ही.

फिनबार: जाईल. तीन फेऱ्या करू. पहिली तुझी एकटीची, आम्ही गप्प बसतो. मग हळूहळू येतो तुझ्या मागून. 

ऊना: घाबरलीस तर आईसारखी भांडी घासतेयस असं समज.

(जिग वाजून होते.)

नोरीन: संपली का? ऊना, संपल्या का तिन्ही? माझी नखी कुठं गेली?

ऊना: मार्टीच्या ग्लासात. तिसऱ्या फेरीत उडाली. आणि तीन कसल्या, पाच झाल्या. कुणी थांबेचना.

नोरीन: कुणाला ऐकू आलं?

ऊना: काउंटरमागच्या मायलोनं बिअरचा नळ बंद केला, ऐकायला म्हणून. रविवारचा.

नोरीन: फिनबार तोंड फिरवून काय करतायत?

ऊना: डोळे पुसतोय. आता म्हणेल बघ, गजाची राळ गेली डोळ्यांत.

फिनबार: राळ गेली.

ऊना: पाणी घे नोरीन. बस जरा. मी तोवर पेटी डब्यात भरते.

फिनबार: भरू नकोस. राहू दे इथंच, नोरीनच्या खुर्चीखाली. पुढच्या रविवारी सूर लावायला लागेल.