पुढच्या होलला सांगते

...आणि वर सर म्हणतात कसे, 'बागेत फिरल्यासारखंच असतं गं.' बाग? तुम्हाला सांगते, जिथे तळं मुद्दाम तुमच्या चेंडूच्या वाटेत खणलेलं असतं, झाडं नेमकी तिथेच वाढवलेली असतात जिथून चेंडू जाणार, आणि चांगल्या हिरव्यागार गवतात मुद्दाम वाळूचे खड्डे करून ठेवतात, तिला बाग म्हणतात का? खाजगी गोल्फ क्लब. नाव नाही सांगत. काळाचौकीहून दोन बस बदलून जायचं आणि गेटवरचा वॉचमन आधी तुमच्या चपला बघणार.

मी तिथे कशी? तर आमचं ऑफिस वरळीला, मी ट्रेनी, आणि नोकरी पक्की करायचा कागद मनमोहन सरांच्या टेबलावर महिनाभर सहीवाचून पडलेला. कंपनीची वार्षिक स्पर्धा, चौघांच्या टीममध्ये एक बाई हवीच असा नियम, दरवर्षी सरांच्या मिसेस राजलक्ष्मीबाई खेळायच्या, यंदा त्यांची कंबर धरली. सरांनी माझा अर्ज काढला. 'कॉलेजात हॉकी खेळायचीस ना? तेच ते. फक्त पळायचं नाही.' मग काय, दहा दिवस चाळीच्या गच्चीवर छत्री उलटी धरून सराव, आणि शेजारच्या सखुबाईंच्या वाळवणात दोनदा बॉल.

पण गोल्फ गेलं खड्ड्यात. माझी भानगड वेगळीच. आमचे बाबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, आणि गेली सहा वर्षं ते याच क्लबात कॅडी आहेत. म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागून चालायचं, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मुलाखतीत मी सरांना काय सांगून बसलेय? 'वडील टेक्स्टाइल लाइनमध्ये. रिटायर्ड.'

आदल्या दिवशी बाबांना म्हटलं, उद्या रजा घ्या. ते हसले. 'अगो, साठ कॅडी आसत. चिठ्ठी काय तुझ्याच नावावर येतली?'

आली.

'गुड मॉर्निंग, मॅडम,' बाबा म्हणाले आणि माझी पिशवी उचलली.

आता मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही हो. घरात मीच तर भांडते, की संपात तुम्ही सगळी मोठी माणसं नाक्यावर उभं राहून 'पुढच्या महिन्यात मिटेल' म्हणत राहिलात, पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, आणि गिरणीला टाळं लागलं तरी तेच. मी सरांना तिथल्या तिथे सांगणार होते, की हे माझे वडील. पण सर नुकतेच झकास मारून खुशीत आलेले, रंगाचा बेरंग कशाला? म्हटलं, अठरा होल, म्हणजे अठरा भोकं खेळायचीत, पुढच्या होलला सांगते.

पुढच्या होलला तळं. बाबा हळूच म्हणाले, 'मॅडम, लहान काठी.' आता वडीलधाऱ्यांनी सांगितलं की माझं डोकं उलटं चालतं, त्याला मी काय करू? मोठीच घेतली. डुब्बुक. मग सर वळले. सर माझ्याशी मराठीत बोलतात, कॅडीशी हिंदीत, आणि कुठल्याही कॅडीला रामूच म्हणतात. 'रामू, बोल, कौनसा?' बाबांनी काठी काढून दिली, सरांचा चेंडू गेला थेट भोकावरच्या झेंड्यापाशी. आणि सर मला म्हणतात, 'कौसल्या, मोठ्या माणसांचं ऐकावं.' माझ्याच बापाबद्दल मला! हीच वेळ होती सांगायची. पण सोबतचे दोन क्लायंट तळ्याकडे बघून हसत होते... पुढच्या होलला.

सातव्याला झाडी. नवव्याला वाळूच्या खड्ड्यात मी सहा वेळा काठी हाणली, वाळू तेवढी बाहेर आली. अशा वेळी सांगतात का कोणी? चौदाव्याला बाबांचाच तोल गेला, घरात मला मारतात ती हाक तोंडातून निघाली. 'चेडवा, मान वर करू नको!' सर थबकले. 'क्या बोला?' बाबा शांतपणे म्हणाले, 'हवा बोला, साब. उलटी है.' मी पण मान हलवली. हो, हवा उलटी आहे.

अठराव्याला बाबा खाली बसले, कापडाची लव बघावी तसा गवतावरून तळहात फिरवला आणि नुसतं एक बोट दाखवलं. पहिल्यांदा ऐकलं मी. चेंडू त्या बोटाच्या दिशेनं गेला आणि पडला भोकात. दर होलला चौघांत ज्याचे फटके सगळ्यांत कमी तेच टीमचे धरतात, म्हणून आम्ही एका फटक्याने जिंकलो. सर म्हणाले, 'उद्या तुझ्या कागदावर सही.' आणि आता पुढचा होलच नव्हता.

तिथे पद्धत अशी, की शेवटी कॅडीच्या कार्डावर, त्याच्या नावाखाली, खेळणाऱ्याने पूर्ण नाव लिहायचं. बाबांनी कार्ड पुढे केलं, आणि पुटपुटले, 'नुसती सही चालेल, मॅडम. नाव नको.'

त्या 'नाव नको'ने माझं टाळकं सटकलं. 'गंगाधर राऊळ'च्या खाली मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, कौसल्या गंगाधर राऊळ, आणि कार्ड सरांच्या हातात दिलं. मेंबरचीही सही लागते. म्हटलं, आता वाचतील, आता वर बघतील...

सरांनी न बघताच कार्डावर पेन फिरवलं. 'वेल डन, रामू.'

वाचलं फक्त कॅडीमास्तरने. स्पर्धेत नातेवाइकाची पिशवी उचलायला बंदी आहे म्हणे, आणि बाबांनी नातं लपवलं. त्यांना दोन आठवडे गेट बंद. बाबा घरी बसलेत, रेडिओ दुरुस्त करतायत. संपवाल्यांना मी नावं ठेवायची, इथे बाबांना माझ्या एका सहीने घरी बसवलं.

माझा कागद सोमवारी आला. सही झाली, नोकरी पक्की. रविवारी सरांनी परत सरावाला नेलं, म्हणे आता दरवर्षी तूच. पहिल्या होलवर इकडेतिकडे बघत म्हणाले, 'अगं, तो आपला लकी रामू कुठे दिसत नाही?'

मी म्हटलं, 'गावाला गेलाय, सर.'