धुण्याच्या दगडाचं नाक

"अक्का, बावीस कोटी वर्षांपूर्वी ज्याच्या दहशतीने नद्या गप्प वाहायच्या, त्या जनावराची दगड झालेली कवटी तुमच्या मांडीवर आहे."

"मांडीले मुंग्या उन्यात, सर. जरा तुम्ही धरा."

जळगाव-धुळे बसमध्ये पुढच्या बाकावर भूगर्भशास्त्राचा मास्तर आकाश आणि द्रौपदाबाई बसले होते. मागच्या बाकावरच्या मोतीलाल नावाच्या प्रवाशाला पारोळ्याला उतरायचं होतं. पारोळा आलं, गेलं. दोघांचं बोलणं ऐकण्याच्या नादात तो नुसता बूड हलवत राहिला.

"मगर शे का ही?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"मगरीसारखा, पण मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या थोबाडाच्या टोकाला असतात, याच्या थेट डोळ्यांपाशी. ही दोन भोकं पाहिली आणि मला जेवण गेलं नाही."

"त्यामाच तर मी साबण ठेवस. घसरत नही."

"मिळाला कुठून हा दगड?"

"सासरानी सिरोंच्याथून ट्रकमा टाकीसन आनेल शे. तवापासून बठ्ठं धुनं यावरच."

"आपटून?"

"गोधड्याच फक्त. मळ चांगला निघस."

"अक्का, संग्रहालयाच्या कागदावर सही कराल ना? काल दोनदा नाही म्हणालात."

"मंग आज बसमा कोन बठेल शे?"

"म्हणजे देताय?"

"लई जा. इतला जुना जीव शे, आते आराम करू द्या. पन एक काम व्हतं."

"बोला ना. काचेच्या कपाटावर तुमचं नाव लावतो."

"नाव राहू द्या. नाकमा साबणना तुकडा अटकेल शे, तेवढा काढी द्या. घरी गोधड्या भिजाडेल शेतस."