फौजदाराचे केस गेले कुठे?

मंडळी, ऐका! देवाच्या दारात आज एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या माणसाचं काही कमी व्हायला लागलं, तर आपण आधी काय करतो? बघतो — की झाकतो?

घाई नको! पुढे बसलेल्या बाळांनो, तुम्ही सांगा. नाही येत? बरं, मग आधी सशाची गोष्ट!

वडजाई गावात सोनोपंत उखळे राहायचे. धंदा केस वाढवायच्या तेलाचा! माका, जास्वंद, ब्राह्मी, सगळं घरच्या कढईत उकळलेलं. बाटलीवर लांब केसांच्या बाईचं चित्र. आणि सोनोपंतांच्या डोक्यावर? — टोपी! टोपीखाली काय, ते विचारायचं नाही!

पण गिऱ्हाईक विचारणारच. म्हणून पंतांनी गुरुवारच्या बाजारातून एक ससा आणला. पांढराशुभ्र, गुबगुबीत. दुकानात बसवला आणि वर पाटी लावली — ‘आमच्या तेलाचा गुण’. अहो, थेंबसुद्धा लावला नव्हता! केस दिले देवानं, पाटी पंतांची! हसता काय? पोरगं पहिलं आलं की ‘माझ्यावर गेलंय’ म्हणणारे इथं किती बसलेत!

सशाचं नाव ठेवलं फौजदार. का? तर त्याला मिशा होत्या! बाळांनो, सशांमध्ये बायकांनाही मिशा असतात बरं. पण पंतांना हे सांगणार कोण?

तीन आठवडे झाले. विक्री वाढली, आणि पंतांना फौजदाराचा लळाही लागला. सकाळचा चहा त्याच्याशी गप्पा मारत व्हायचा. मग एका सोमवारी बघतात तर — छातीवरचे केस गायब! सकाळी रुपयाएवढी जागा. दुपारी पुरीएवढी. मंगळवारी भाकरीएवढी!

“अगं अनसूये, हा गळायला लागला!” पंतांनी बायकोला हाक मारली.

“मग गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या.”

“भर पेठेतून? उखळ्यांचा ससा टकला, हे गावानं बघायचं? आपलं तेल आहे ना घरात!”

अनसूयाबाई काय म्हणाल्या, ते नीट ऐका. “अहो, गळले म्हणता, मग केस गेले कुठे? मी रोज झाडते. केरात एक केस नाही!”

बाळांनो, काय विचारलं? — केस गेले कुठे! शाबास! तुम्ही ऐकलंत, पंतांनी नाही ऐकलं. त्यांनी दिवसातून तीनदा तेल चोळलं. कातडी लाल झाली, खपल्या धरल्या. बुधवारी काय करावं? डिंक लावून वर कापूस चिकटवला! वरून कंगवा फिरवला! आणि भांग पाडला हो, भांग!

गुरुवार उजाडला. दुकानापुढे ही गर्दी! आणि फौजदार पाटीखाली अंग चोरून बसलेला. गवताला तोंड लावेना, गाजराला तोंड लावेना.

“बाजार उठला की नेतो,” पंत पुटपुटले.

“ससा दिवसभर उपाशी राहिला तर हाती लागत नाही हो,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पाटी हवी की हा हवा, तेवढं सांगा.”

पंतांनी हात लावला. ते एवढंसं अंग नुसतं थरथरत होतं. पंतांनी पिशवी घेतली, त्यात फौजदाराला घातलं — तो आत धापा टाकू लागला. पिशवी फेकली! ससा उराशी धरला आणि निघाले भर बाजारातून! वाटेत कापसाचे पुंजके गळताहेत!

भाजीवाली हौसाबाई ओरडली, “अहो पंत, तुमचा ससा उसवला!”

सगळा बाजार हसला. पंत थांबले. कान लाल झाले. आणि मंडळी, सोनोपंत उखळे जन्मात पहिल्यांदा खरं बोलले —

“हो, टकला झालाय! माझंच तेल लावून बेजार झालाय! वाट सोडा, हौसाबाई!”

डॉक्टरीणबाईंनी ओल्या फडक्यानं तेल पुसलं, पोट चाचपलं. म्हणाल्या, “पंत, तुमच्या फौजदाराला दिवस गेलेत.”

“फौ-फौजदाराला?”

“आज-उद्या बाळंत होईल. मादी आपल्या छातीचे केस आपणच उपटते, पिलांच्या अंथरुणाला. तो काही आजार नव्हे. आजार ह्या खपल्यांचा. तो तुमच्या तेलाचा आणि डिंकाचा. ते चाटून पोटही बिघडलंय.”

औषध दिलं. आंघोळ घालायची नाही, हिरवं गवत द्यायचं. संध्याकाळी फौजदारानं गवताची एक काडी कुरतडली, आणि पंत ढसाढसा रडले. मग ते केस शोधायला दोघांनी दुकान धुंडाळलं. बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचं खोकं उघडलं — आत पांढरी मऊशार गादी! सगळे केस तिथं! पंतांचा कापूससुद्धा तिनं वापरला होता!

सकाळी गादीत सहा पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर केस एक नाही! उखळ्यांच्या दुकानात सहा टकले! पंतांनी टोपी काढून बाजूला ठेवली — सात! मग वर हात करून पाटी उतरवली.

आता मंडळी, माझ्या प्रश्नाकडे या. तुमच्याही घरात आई असेल. तिचा आवाज बारीक झालाय, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. तुम्ही म्हणता, वय झालं. टॉनिकची बाटली आणून ठेवता. चोळा तेल!

बाळांनो, घरी गेलात की तिच्याजवळ बसा आणि विचारा — आई, गेलं कुठे गं सगळं? ती सांगायची नाही. मग आपल्याच अंगाखाली हात घालून बघा, बाबांनो. गादी मऊ लागते ना?

हात जोडा. देवाला नंतर. आधी घरी बसलीय, तिला!